पाचवा माणूस

२००५ साली सिंगापूरच्या जुरोंगमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची रांग होती. माझ्या पुढे दोघे मराठीत कुजबुजत होते.

“मंदार, तो फलक आधी गुंडाळ.”

“का, बाबाजीकाका? मालक आपला क्लब मोडीत काढतोय, आणि आपण टाळ्या वाजवायच्या?”

“पुढच्या महिन्यात माझा वर्क पास संपतोय. इथे परवान्याशिवाय पाच जण जमले तरी पोलीस उचलतात.”

“म्हणून तर चौघेच उभे राहणार. आपण दोघं, दर्शन आणि शुभाताई.”

“आणि आणखी कुणी येऊन उभा राहिला तर?”

“कोण येतंय? सगळे तुमच्यासारखेच शूर!”

“हळू बोल. मागचे गृहस्थ ऐकतायत.”

“अंगात आपलीच जर्सी आहे, काका. मराठी दिसतात. अहो, येता का आमच्यात?”

“नको रे! पाच होतील!”

मी जर्सीवरच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली.