हद्दीपलीकडचा चहा

हाँगकाँगमधल्या कौलूनच्या फेरीबोटीच्या रांगेत म्हाताऱ्या औ मास्तरांनी पुस्तक उघडलं खरं, पण पुढे उभ्या असलेल्या दोन बायकांच्या बोलण्यामुळे पान काही उलटेना.

"फूंग वहिनी, तुमच्या लेकाला किनाऱ्यावर बसवलं म्हणे?"

"कोणी सांगितलं? चीनच्या कस्टमच्या लाँचवरच आहे अजून. साहेबाने दम भरला होता खरा, पुन्हा रिकाम्या हाताने आलास तर घरी जा म्हणून."

"आपल्या बंदरात जकात नाही, म्हणून चोर इथूनच चीनमध्ये चोरून माल नेणार. तो तरी काय करील?"

"आणि पाठलाग झाला की परत हाँगकाँगच्या पाण्यात शिरणार. तिथे इंजिन बंद करून चहा मांडायचा, वर याला कप दाखवायचा, ये म्हणून."

"मेले."

"काल टायरांनी भरलेली होडी तशीच पळाली. हद्द ओलांडली, स्टोव्ह पेटवला, कप उंचावला. आणि हा गेला."

"हद्दीच्या आत?"

"दोन्ही सरकारांचा करार झालाय ना आता, इथला अधिकारी सोबत असला की आत शिरता येतं. याच्या शेजारी हाँगकाँगचा अधिकारी उभा होता."

"अगं बाई. मग?"

"मग काय, बोलावलं होतं ना चहाला? होडीवर चढून बसला. म्हणाला, हा कोमट झालाय, ताजा करा. आम्ही दोघं आहोत."

"केला त्यांनी?"

"केला की. होडीच्या मालकाने स्वतः ओतला."

"आणि तुमचा लेक?"

"त्याने आपल्या रीतीप्रमाणे दोन बोटांनी फळीवर टकटक केलं. चहा ओतणाऱ्याचे आभार मानायचे असतात, हे मी त्याला लहानपणीच शिकवलंय."