झटकलेला शर्ट

यवतमाळच्या एका दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीबाहेर भैरवी आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. नवरा जवळच्या लोहारा गावातल्या गोदामात सिमेंटची पोती उचलतो, हे तिला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

“मास्क देल्ला होता ना तुमाले? कुठं हाये तो?”

“हाये ना. गाडीच्या डिक्कीत.”

“डिक्कीले धूळ लागते काय?”

“अवं, मास्क लावून पोतं उचललं का दम कोंडते. तू उचलून पाय एखांदं.”

“मंग कपडे तरी तिकडंच बदलत जा. दारात येऊन शर्ट झटकता, नुसता धुराळा उठते घरात. लेकरं तिथंच जेवून राह्यले असतात.”

“पण मले काय झालं? इतकी वर्षं झाली, साधा खोकला नाही.”

“तेच तर म्हणून राह्यली मी. तुमाले काहीच होत नाही.”

आतून हाक आली, “दीपमाला भगत.”

नवरा उठेल म्हणून भैरवीनं पाय आखडून घेतले. उठली ती बायको, तोंडावर पदर धरून खोकत.

“धुळीत काम करता का, बाई?” दारातल्या माणसानं विचारलं.

“नाही जी. मी घरीच असते. याइचे कपडे धुते.”

दार लागलं. नवरा भैरवीकडे वळला.

“मी तिले कितींदा सांगतलं ताई, कपडे आधी भिजवत जाय म्हून. आयकतच नाही.”