एक खोली भाड्याने देणे

शारजा, १९९८. पेपरात छोटी जाहिरात द्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं. भिंतीवरच्या टीव्हीवर अमेरिकेच्या बातम्या.

"अहो, बघा! काळा माणूस म्हणून घर भाड्यानं देत नाहीत. आणि निघालेत जगाला लोकशाही शिकवायला, मेले!"

"चॅनेलवालेही तसलेच. चोर दाखवायचा तर काळा, डॉक्टर दाखवायचा तर गोरा."

"मी तिथली प्रेसिडेंट असते ना, एका दिवसात खलास केलं असतं हे सगळं!"

"मॅडम प्रेसिडेंट, नंबर आला आपला. यल्ला, चला, जाहिरात सांगा, मी फॉर्मवर लिहितो. 'फ्लॅटमध्ये एक खोली, फक्त इंडियन फॅमिलीसाठी'..."

"इंडियन म्हणजे कुणीही येईल! महाराष्ट्रीयन लिहा."

"लिहिलं."

"शाकाहारी. किचन एकच आहे."

"अगं, आपल्याकडे दर शुक्रवारी पापलेट असतं!"

"आपलं आपण खातो. दुसऱ्यांच्या पापलेटचा वास मी का घेऊ?"

"बरं बाई, शाकाहारी. आणि... आपल्यातलेच हवेत, असंही टाकू का?"

"शी! जात काय लिहायची पेपरात? ही काय अमेरिका आहे? फोन आला की आडनाव विचारू ना."