कुंदाताईंच्या शेवटच्या टाकीचा कोपरा

कुंदाताईंच्या शोकसभेला आलेल्या सगळ्यांना नमस्कार. भाऊजी, ताईंच्या माघारी तुम्ही एकटे समोर बसला आहात. म्हणून बोलणं अवघड जातंय. घरून चार वाक्यं ठरवून निघालो होतो. त्यांतलं एकही आता जवळ नाही.

मी कुंदाताईंच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. हुडकेश्वरच्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही कूलरच्या टाक्यांचे नमुने संगणकावर तयार करतो. टाकीचा एकेक पृष्ठभाग, म्हणजे एकेक तुकडा, वेगळा काढायचा. मग कडेला कड जोडायची. सगळ्या कडा जुळल्या, तरच टाकी बंद होते. एक फट राहिली, तर साचा बनत नाही.

मी मराठीचा एम.ए. माझ्या पहिल्याच टाकीचा एक कोपरा जुळेना. मी टॉलरन्स वाढवला. म्हणजे संगणकाला सांगितलं, एवढी फट मोजू नकोस. त्यानं ऐकलं. मी खूश.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. कोपरा मोठा करून पाहिला.

"काहून गा, टॉलरन्स वाढवला?"

"हो ताई. पण बंद झाली."

"टाकी आताही उघडीच आहे. तूच डोळे झाकून राहिला. तो तुकडा उडव. शेजारच्या तुकड्याची कड उचल, तिच्यावरून नवा बनव. तू अंदाजानं वेगळीच कड काढली. कशी जुळन ते?"

माझा हात होईना. दोन दिवसांचं काम होतं.

"कवितेतली ओळ कधी खोडली नाही का?"

"मी कविता करत नाही, ताई."

"बरं झालं. उडव."

हसा, हसा. ताईही अशाच हसल्या होत्या.

ताई गेल्या, तेव्हा त्यांची एक टाकी अर्धी राहिली होती. साचेवाला थांबला होता. मी फाईल उघडली. कोपऱ्यात फट. केसाहून बारीक. टॉलरन्स जरा वाढवला असता, तर कोणाला कळलं असतं? आता मागे येऊन कोण उभं राहणार होतं? आणि ताईंच्या हातचा तुकडा मी कसा उडवू?

ताईंसारखा कोपरा मोठा केला. मग कड तपासली. ती शेजारची नव्हतीच. अंदाजानं काढलेली होती. कोणी? ताईंनी!

माझ्या शेजारी प्रगती बसते. तिनं वाकून पाहिलं. म्हणाली, "आता हे ताईले कोण सांगन गा?"

आम्ही हसलो. सगळं ऑफिस हसलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा. हसता हसताच मी तो तुकडा उडवला. शेजारची कड उचलली. नवा बनवला. टॉलरन्सला हात लावला नाही. टाकी बंद झाली. प्रगतीनं टाळ्या वाजवल्या.

फाईल काल साच्याला गेली. तिच्यावर नाव ताईंचंच आहे. येत्या उन्हाळ्यात कुठल्या तरी घरात ती टाकी पाणी धरेल, आणि त्या घराला काहीच कळणार नाही. चांगल्या कामाचं असंच असतं.

आता दोन मिनिटं उभे राहू या. बोलायचं नाही. हसू आलं, तर मात्र आवरू नका.

ताई, नमस्कार करतो.