निळ्या बाजूचं गरम पाणी

रुपचंद : पाणी मुळात शिस्तीचं असतं, कमल. माणूस खंबीर हवा, म्हणजे ते ऐकतं. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर चौतीस वर्षं मी हेच केलं.

कमलबाई : मग आपल्या शॉवरला सांगा की ऐकायला. निळी बाजू फिरवली की चटका बसतो, लाल फिरवली की गार.

रुपचंद : म्हणजे पाइप उलटे जोडलेत. आज सकाळी मी ते सुलटे केले.

कमलबाई : मग?

रुपचंद : आता निळ्या बाजूनं गार येतं.

कमलबाई : किती वेळ?

रुपचंद : चार मिनिटं.

कमलबाई : आणि त्यानंतर?

रुपचंद : दोन्हीकडून गरम. पण आता निदान नियमानं गरम. मोजलंसुद्धा मी. तापाचं थर्मामीटर लावलं, ‘हाय’ दाखवतंय.

कमलबाई : पाण्याला थर्मामीटर? मग तापाची गोळी पण द्या, जेवणानंतर. अहो, तीन दिवस झाले तुमचा पाना काही हातातून सुटत नाही. लग्नानंतर सारिकाची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेचं माहेरपण. पोरगी नागपूरहून माहेरी येणार आणि मुक्काम करणार हॉटेलात!

रुपचंद : नक्की झालं हॉटेलचं?

कमलबाई : जावईबापूंनी खोली सांगूनही ठेवली. गेल्या महिन्यात पहूरच्या लग्नाला आले होते ना, तेव्हा या शॉवरखालून निघाले ते टॉवेल गुंडाळून थेट दारापुढच्या ओट्यावर. समोरची बेबाबाई अजून विचारते, कुठला नवस फेडत होते म्हणून.

रुपचंद : मी आहे ना. उद्या संध्याकाळपर्यंत...

कमलबाई : उद्या दुपारी येताहेत ते. मी धनसिंगला बोलावलंय.

रुपचंद : प्लंबर? माझ्या घरात?

धनसिंग : नाना, मी कव्हाना आठे दारमा उभा शे.

रुपचंद : बरं. आलाच आहेस तर मिक्सर उघड. आत वॉशर गेला असणार.

धनसिंग : मिक्सरले काही नही व्हयनं. मी पहिले गच्चीवर जाई ऊनू. टाकीमा हात टाका, चटका बसना. टाकी बठ्ठा दिन उन्हमा तापस, नाना.

रुपचंद : मग लाल बाजू गार कशी होती?

धनसिंग : गिझर बंद शे ना?

कमलबाई : होळीपासून.

धनसिंग : त्यामा पंधरा लिटर पानी घरनी सावलीमा बठेल शे. तेवढंच गार. ते सरनं का वरनं गरम पानी उतरस.

रुपचंद : ...कमल, याला चहा दे.

कमलबाई : म्हणजे तीन दिवस तुम्ही धडधाकट नळाची दुरुस्ती करत होता.

रुपचंद : पाणी गार करण्याची वेळ बॉयलरवर कधी आली नाही. ते खातं वेगळं.

कमलबाई : माठाला ओलं फडकं गुंडाळतात, ते कुठलं खातं? टाकीला बारदान, म्हणजे पोत्यांचं गोणपाट, गुंडाळा आणि भिजवा. माझ्या भावाच्या, अभिमनच्या कापसाच्या जिनिंगवर ढीग पडलाय.

धनसिंग : अक्का बराबर सांगस. वर सावलीले पऱ्हाटीन्या काड्यास्ना मांडव टाकू.

रुपचंद : थांबा, थांबा! याला लॅगिंग म्हणतात. बॉयलरला आम्ही उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून गुंडाळायचो, इथं ती आत येऊ नये म्हणून गुंडाळायचं. अगं, हे तर माझंच खातं!

कमलबाई : असू द्या. तुमचंच. शिडी धरा आधी.

(दुसऱ्या दिवशी, दुपारचे दोन. धनसिंग गच्चीवर, कमलबाई न्हाणीघराच्या दारात, रुपचंद कपड्यांसकट शॉवरखाली.)

रुपचंद : धनसिंग, वरची चावी सोड! कमल, थर्मामीटर!

कमलबाई : काय म्हणतंय?

रुपचंद : बोलू नकोस. वाजू दे... ‘लो’! कमल, ‘लो’ आलं! बाहेर त्रेचाळीस आणि इथं बत्तिसाच्या आत!

कमलबाई : सरका, हात घालू द्या. अगं बाई, खरंच की! अगदी माठातल्यासारखं.

धनसिंग : नाना, काय व्हयनं?

रुपचंद : जिंकलो!

धनसिंग : मंग बारदान अजून भिजाडू का?

रुपचंद : भिजव! हात आखडू नकोस! कमल, सारिकाला फोन लाव आणि माझ्या कानाशी धर. हॅलो, बेटा? कुठवर आलात? भुसावळ? हॉटेल रद्द कर. हो, हो, मोजून सांगतोय. जावईबापूंना म्हणावं, शाल बरोबर असू द्या. काय? केलं रद्द? चार दिवस? चारही दिवस इथंच?

कमलबाई : काय म्हणाली हो?

रुपचंद : म्हणाली, पप्पा, तुम्हीच करू जाणे.

कमलबाई : आणि बारदानाचं कोणी सुचवलं ते सांगितलंत का?

रुपचंद : रेंज गेली मध्येच.

कमलबाई : निघा आता बाहेर. अर्धा तास झाला, बोटं सुरकुतली तुमची.

रुपचंद : थांब गं. चौतीस वर्षं पाणी तापवलं, गार आज पहिल्यांदा केलं. दोन मिनिटं उभा राहू दे.

धनसिंग : नाना, शॉवर बंद करा.

रुपचंद : का रे? परत तापलं?

धनसिंग : नही. टाकी रिकामी व्हयनी.

कमलबाई : नळाला पाणी आता परवा येणार.