बेकार म्हंजी काय

माझं नाव ठकूबाई. माहेर कासारसाईचं, आमी सात भावंडं, घरात सदा कालवा, आन लगीन होऊन उरवड्याला आले ती अशा घरात का सासू तेवढी एक, ती बी बहिरी. पुढं सासू गेली, मूल एक झालं ते सव्वा म्हैन्यात गेलं, ऱ्हायलो आमी दोघंच. आमचं मानूस तसं कमी बोलायचं, पन काय सांगू तुमाला, घरात दुसऱ्याचं खोकनं ऐकू आलं तरी बरं वाटतं.

भाताचा तुकडा एवढासा, म्हनून ते पुन्याला गेले, लोखंडी कपाटं करायच्या कारखान्यात लागले. म्हैन्याच्या म्हैन्याला मनीआर्डर यायची, संगं कार्ड यायचं. मला वाचता येत न्हवतं. पोस्टमन सायकल कुंपनाला टेकवून घाईघाईत वाचायचा, मी म्हनायची परत वाचा, तर म्हनायचा, मावशी, मला आजून चार गावं फिरायचीत.

एका म्हैन्याला मनीआर्डर न्हाई, नुसतं कार्ड. पोस्टमननं वाचलं, मी बेकार झालो आहे, तोंड दाखवायची लाज वाटते, गावी येऊ का नको ते कळव. बास, एवढंच. आता आमच्याकडं बेकार म्हंजी वाया गेलेला, दारूच्या न्हाईतर बाईच्या नादी लागलेला. खालच्या आळीतला एकजन तसाच पुन्यास्नं येऊन बायकोला लाथा घालायचा, ते मी बघितलेलं. माझं डोकंच फिरलं. म्हनले, लिवा, बेकार झाला आसाल तर ह्या घराची पायरी चढू नका, नीट व्हा, मंग या. पोस्टमन म्हनला, मावशी, लई कडक हाय. म्हनले, लिवा तुमी. त्यानं लिवलं. नवराबायकोच्या मधी त्यो कशाला बोलंल?

त्याच्यामागं कार्ड न्हाई का निरोप न्हाई. मी आपली रस्त्याच्या कामावर खडी फोडाया जायची. एक दिवस मुकादम म्हनला, उद्यापासनं येऊ नका, सरकारचं धोरन बदललं. मी इचारलं, ह्यो धोरन कोन सायेब, कुटं ऱ्हातो, त्याला जाऊन भेटू की आमी. मुकादम पोट धरून हसला. घरी आले, हे सांगायचं कुनाला? भाकरी एकच केली, ती बी उरली.

मंग गावात मोठ्या मानसांसाठी वर्ग निघाला, दुपारच्याला मारुतीच्या देवळात. घरात मन लागंना म्हनून मी जायची. गुर्जी अक्षरं गिरवून घ्यायचे आन शेवटाला पेपर वाचून त्यातले शब्द समजावायचे. महागाई काय समजवावी लागली न्हाई, ती रोज चुलीम्होरंच बसलेली. एक दिवस गुर्जींनी वाचलं, देशात बेकारी वाढली. मी म्हनले, गुर्जी, एवढी मानसं वाया गेली व्हय? बाया हसल्या. गुर्जी न्हाई हसले, म्हनले, ठकूबाई, बेकार म्हंजी ज्याच्या हाताला काम न्हाई त्यो. मानूस चांगलाच आसतो, कारखाना काम देत न्हाई.

माझ्या हातातली पाटी तशीच ऱ्हायली. म्हंजी त्यांनी इचारलेलं, काम गेलंय, घरी येऊ का. आन मी काय सांगून धाडलं?

दुसऱ्या दिशी मी कार्डावरचा पत्ता इचारत पुन्याला गेले. खोलीवर भोरचा एकजन हुता, त्यांच्या संगं ऱ्हायलेला. म्हनला, वैनी, तुमचं कार्ड आलं तवा त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठिवलं आन सकाळच्याला धरनाच्या कामावर जातो म्हनून निघून गेले. कुठल्या धरनाच्या ते त्याला बी ठावं न्हाई.

तशीच तीन वर्सं गेली. शिमग्याच्या आदल्या दिशी मी दारात तांदूळ निवडत हुते, तर आंगनात हे उभे. निम्मे झालेले. आत येईनात. म्हनले, ठकू, धरनावर कायमचं काम लागलंय, आता येऊ का आत?

मी रडले, पाया पडले, समदं सांगितलं, शब्द कळला न्हाई वो मला. ते ऐकून घेत ऱ्हायले. मंग म्हनले, आता त्याचं काय. जेवले. चार दिस ऱ्हायले, कौलं शाकारली, परत गेले. मी संगं येते म्हनले, तर म्हनले तितं बायामानसांची सोय न्हाई. सोय आसती, दुसऱ्यांच्या बाया हायेत की तितं, मी ऐकलंय.

आता वर्सातनं दोनदा येत्यात. रागं भरत न्हाईत, कदी टाकून बोलत न्हाईत. टाकून बोलले आसते तर बरं झालं आसतं. कार्ड येतं, मी माझी वाचते, खुशाल हाय, महागाई हाय, जपून ऱ्हा. तेवढंच. उलटून बघते, मागं कायबी नसतं.

पन दोष कुनाला देऊ? आन आता ह्या वयात कुनावर रुसू? ते हायेत तितं सुखी ऱ्हावेत. तुमी एवढ्या लांबनं आला, माझं ऐकत बसला, तुमचं बी देव भलं करो. आता उठू नका, पिठलं टाकते. एकटीसाठी चूल पेटवायचा लई कंटाळा येतो.