आधी खुर्चीचं तोंड कुठे आहे ते बघा

तुम्ही खरंच जाणार आहात त्या शहरात? चौदा जणी? आणि तिकिटंही काढून झाली? मग आता मला कशाला विचारताय, 'काकू, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय काय बघावं?'... बघायचं काय त्यात! समुद्र आहे. मोठा आहे. तो बघायला वेगळं जावं लागत नाही, कारण तुम्ही कुठल्याही कामाला निघालात तरी तिथली माणसं तुम्हाला धरून समुद्रासमोर नेऊन बसवतात. मी काही समुद्र बघायला गेले नव्हते हो. मी गेले होते माझ्या लेकीकडून एका शब्दाचं उत्तर आणायला. हो किंवा नाही. पिशवीसुद्धा लागली नसती त्याला!

आता मी दवाखान्यात नंबर देते हे तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यातल्या निम्म्या जणींना मीच आत सोडलंय आणि मीच बाहेर काढलंय. सात मिनिटं झाली की टेबलावरची घंटा मारायची, आतला बाहेर, बाहेरचा आत. तेवीस वर्षं. आणि मधल्या वेळात खुर्च्या सरळ करायच्या, कारण माणूस उठताना खुर्ची वाकडी करूनच उठतो, तो कितीही शिकलेला असो. तर आमचे डोळ्यांचे डॉक्टर खालच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान काढतायत, आणि माझी लेक चष्म्याचंच शिकलेली. ती त्या शहरात सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, ताई, जागा तुमच्या मुलीसाठी धरून ठेवलीय, पण सोमवारी सकाळी मला हो की नाही कळलं पाहिजे, नाहीतर दुसरी मुलगी बघितलेली आहे. लेकीला फोन केला की ती म्हणे, 'बघू गं आई.' आठ वेळा फोन, आठ वेळा बघू. इकडे घरात आम्ही दोनच माणसं, त्यातलं एक पेपरात. मी तिची खोली झाडून पडदेसुद्धा धुऊन ठेवले होते. शेवटी म्हटलं, आपणच जाऊ, समोर बसवू, उत्तर घेऊ, आणि रविवारच्या गाडीने परत.

स्टेशनवर उतरले तर बाहेर टॅक्सी उभी, टॅक्सीतून दोन पाय बाहेर. बाकीचा ड्रायव्हर आत झोपलेला. मी काचेवर टकटक केलं तर त्याने डोळे न उघडता दार उघडलं आणि म्हणाला, बसा मावशी, आत गार आहे. बसले. पाच मिनिटं झाली, गाडी हलेना. मी म्हटलं, निघायचं ना? तर म्हणतो कसा, 'घाई काय आहे? समुद्र काय पळून चाललाय?'

लक्षात ठेवा हे वाक्य. हेच वाक्य तुम्हाला तिथे दिवसातून पंचवीस वेळा ऐकायला मिळणार आहे. टॅक्सीवाला म्हणतो, हॉटेलवाला म्हणतो, बँकेतला माणूस म्हणतो. आणि हे काही खेडं नाही बरं का... चांगलं मोठं शहर! वीस वीस मजले, पुलावर पूल, लाखो माणसं. पण सगळी लाखो बसलेली.

बरं, निघाला एकदाचा, तर मला नेलं थेट किनाऱ्यावर! मी म्हटलं, अहो, मला चष्म्याच्या दुकानात जायचंय. तर म्हणे, तुम्ही पहिल्यांदा आलात, समुद्र न दाखवता कसं नेणार, पाप लागेल. मी म्हटलं, पण तो पळून चालला नाहीये ना? मग आत्ताच कशाला दाखवता? त्यावर त्याने माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं, जसा काही मीच विनोद केला, आणि गाडी बंद करून तो स्वतःच वीस मिनिटं समुद्र बघत बसला. तिथेच जन्मलेला माणूस! रोज बघतो!

तर पहिली सूचना लिहून घ्या. कुठे पोचायचंय ते सांगा, किती वाजता ते सांगू नका. उगाच त्यांना वाईट वाटतं.

लेकीचं दुकान एका गल्लीत आहे. चांगली रुंद गल्ली, एका बाजूला अकरा दुकानं, समोर घरं, घरांना बाल्कन्या. लेक मला बघून खूश झाली, मिठी मारली, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, आई, एका आजींना घरी जाऊन चष्मा द्यायचाय, त्यांना जिना उतरता येत नाही, मी पंधरा मिनिटांत आले, मग बोलू. तू बस. आणि जाता जाता म्हणते, 'काही आवरू नकोस हं.'

काही आवरू नकोस! हे मला सांगायचं? माझ्या पोटची पोर आणि मला ओळखत नाही?

बरोबर एक वाजता गल्लीत एकेक शटर खाली यायला लागलं. टेलर गेला, इस्त्रीवाला गेला, चांभार गेला, छत्र्या दुरुस्त करणारा गेला. लेकीचे मालक, चष्मेवाले काका, तेही मला म्हणाले, ताई, आत पंख्याखाली पडा हवं तर, आणि शटर अर्धं ओढून डुलत डुलत निघून गेले. दहा मिनिटांत गल्लीत चिटपाखरू नाही. मी आणि अकरा खुर्च्या. कारण तिथे प्रत्येक दुकानाच्या बाहेर एक खुर्ची असते, लाकडाची, आणि तुम्हाला सांगते, त्या खुर्च्या बघवत नव्हत्या. आठ खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे. भिंतीकडे हो! शिक्षा केल्यासारखी! आणि तीन तर चक्क आडव्या पडलेल्या, पाय रस्त्यात. आता म्हातारं माणूस अडखळलं तर?

मी पंधरा मिनिटं धीर धरला. खरंच धरला, हात पदरात गुंडाळून बसले. पण पंधराची झाली पस्तीस, लेकीचा पत्ता नाही, आणि मनात सोमवार. मन असं झालं की माझे हात कामाला लागतात, मी काय करू? आडव्या खुर्च्या उभ्या केल्या. भिंतीकडच्या फिरवून रस्त्याकडे केल्या. ओल्या फडक्याने पुसल्या, एका रेषेत लावल्या. अकरा खुर्च्या, कवायतीतल्या मुलांसारख्या! मी लांब जाऊन बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

पाच मिनिटांत समोरच्या बाल्कनीत एक बाई आली. तिने खाली बघितलं, आत गेली, आणि हातात दोन शर्ट घेऊन खाली उतरली. मग एक आजोबा बूट घेऊन आले. मग कॉलेजची पोरगी छत्री घेऊन. मग पाच, मग दहा, मग तर कोपऱ्यावरून माणसं वळायला लागली, आणि सगळी येऊन बंद शटरसमोर उभी. आजोबांनी टेलरच्या शटरवर थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग ते गंभीर झाले आणि हळू आवाजात म्हणाले, 'चोवीस वर्षांत असं झालं नाही. खुर्ची सरळ आहे आणि माणूस नाही.'

तेव्हा मला कळलं. बायांनो, ती खुर्ची म्हणजे पाटी आहे! तोंड रस्त्याकडे, दुकान उघडं. तोंड भिंतीकडे, मालक झोपलाय, चारला येईल. आडवी, आज येणारच नाही, उद्या बघा. सगळ्या शहराला माहीत. आणि कागदावर कुठे लिहिलेलं नाही, कारण पाट्या रंगवणाऱ्याचं दुकान त्याच गल्लीत, आणि त्याची खुर्ची बुधवारपासून आडवी!

आता लोकांना वाटणार काय? खुर्ची सांगते माणूस आत आहे, शटर बंद, हाक मारली तर ओ नाही... आणि एक नाही, अकरा दुकानं! कोणीतरी म्हणालं, आत काहीतरी झालंय. बूटवाले आजोबा म्हणाले, टेलरला मागेच सांगत होतो रक्तदाब तपासून घे. एक बाई रडायलाच लागली, तिचा ब्लाउज आत होता. कोणी अँब्युलन्सला फोन केला. ती काही शेवटपर्यंत आली नाही, पण नंतर कळलं, निघाली होती. दोन माणसं टेलरच्या घराकडे पळाली... पळाली! त्या शहरात मी पहिल्यांदाच कुणाला पळताना बघत होते, आणि तेही माझ्यामुळे.

आणि मग आले सगळे. टेलर बनियनवर, गळ्यात टेप तसाच, झोपतानाही काढत नाही वाटतं. चांभार एका पायात चप्पल. छत्रीवाला भर उन्हात बिनछत्रीचा. चष्मेवाले काका चष्म्याशिवाय! सगळे धापा टाकतायत, आणि प्रत्येकाला वाटतंय बाकीचे दहा गेले. एकमेकांना हात लावून बघतायत. टेलरने इस्त्रीवाल्याला मिठी मारली; लेक नंतर म्हणाली, त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं.

मग सगळ्यांनी त्या खुर्च्यांकडे बघितलं. एका रेषेतल्या. पुसलेल्या. आणि मग माझ्याकडे. माझ्या हातात फडकं.

मी म्हटलं, 'मी केल्या. वाकड्या होत्या.'

टेलरने टेपने घाम पुसला, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या काकुळतीने म्हणाला, 'पण ताई... घाई काय होती?'

अहो, काय सांगणार होते मी त्याला? सोमवार सांगू? सात मिनिटं सांगू? ओरडले असते तर परवडलं असतं. पण ती माणसं ओरडत नाहीत, ओरडायलाही घाई लागते! हसली सगळी आणि आता उठलोच आहोत तर उघडू म्हणाली. मग साठ माणसांची झुंबड, प्रत्येक जण 'माझं आधी, माझं आधी'. आणि मला राहवलं नाही. मी मधल्या खुर्चीवर उभी राहिले आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हटलं, नंबराने या! शर्टवाली बाई एक, आजोबा दोन! तासाभरात गल्ली रिकामी. चष्मेवाले काका म्हणाले, असं कधी बघितलं नव्हतं. आणि लगेच म्हणाले, परत बघायला नको.

तेवढ्यात लेक आली. पंधरा मिनिटांनी. म्हणजे अडीच तासांनी. तिने खुर्च्या बघितल्या, मला बघितलं, कपाळावर हात मारला, आणि मला घेऊन गेली... कुठे? समुद्रावर! दुसरीकडे कुठे नेणार!

बाकावर बसलो. मी म्हटलं, एका आजींना चष्मा द्यायला अडीच तास? तर म्हणाली, आजींचा आधीचा चष्मा चुकीचा होता, चार वर्षं त्या तोच लावून बसल्या होत्या. पाऊण तास नुसते नंबर लावून बघितले. मग त्यांनी सुई ओवली. मग दुसरी ओवली. घरात होत्या तेवढ्या सगळ्या सुया ओवल्या, आणि तिला उठू देईनात.

मग माझ्याकडे न बघता विचारते, 'आई, डॉक्टरांच्या दुकानात एका माणसाला किती मिनिटं?'

खोटं बोलता आलं असतं हो. पण घंटा मीच मारते. म्हटलं, सात.

ती समुद्राकडे बघायला लागली. समुद्र समोर होताच, तो कशाला पळतोय! बराच वेळ बसलो. धुतलेले पडदे डोळ्यांपुढे येत होते, पण बोलले नाही.

मग मी म्हटलं, 'म्हणजे नाही सांगू त्यांना?'

वाटलं, आता पोरगी म्हणणार, घाई काय आहे. पण माझा हात हातात घेऊन म्हणाली, 'हो आई. नाही सांग.'

झालं. त्या अख्ख्या शहरात माझ्यासमोर एक गोष्ट ताबडतोब झाली, ती ही. तिथेही तिने म्हटलं असतं, बघू, तर काय बिघडलं असतं?

तर तुम्ही चौदा जणी जा. खुशाल जा. चप्पल सैल घ्या, घड्याळ घरी ठेवा, टॅक्सीत बसताना शिदोरी जवळ ठेवा. लेकीच्या गल्लीत जाणार असाल तर तिच्यासाठी डबा देते, पण माझं नाव सांगू नका, तिथे मला 'खुर्चीवाल्या ताई' म्हणतात. आणि कुठल्याही खुर्चीला हात लावायच्या आधी तिचं तोंड कुठे आहे ते बघा. आणि बघितलंत तरी हात लावू नका.

रविवारच्या गाडीने मी एकटीच परत आले. ह्यांनी पेपर खाली केला, माझ्या मागे कोणी नाही ना ते बघितलं, म्हणाले, 'जेवलीस का?' आणि पेपर वर केला. पण पान काही उलटलं नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले, डॉक्टरांना नाही सांगितलं, आणि एक नंबरच्या आजोबांना आत वीस मिनिटं बसू दिलं. दोन नंबर अजून माझ्याशी बोलत नाहीत.